‘सारी गेलिन’ रडकं नाही : अझेरी प्रेमगीतं आणि त्यांना लावलेले ठेके

अनवट :

‘सध्या काय ऐकताय’ धाग्यावर परवा ठेकेदार यांनी ‘सारी गेलिन’ या अझेरी (अझरबैजानी) प्रेमगीताची एक क्लब आवृत्ती डकवली आणि खाली लिहिलं, “मूळ गाणं रडकं आणि लांबण लावलेलं. या पोरांनी बीट टाकून त्यात जान आणली. सगळ्या लोकगीतांचं असंच व्हायला हवं.” त्यावर बऱ्याच जणांनी अंगठे दिले. मला तिथल्या तिथे दोन ओळींत उत्तर देणं जमेना, म्हणून वेगळा धागा.

त्या आवृत्तीत आहे काय? सुरुवातीला बालाबान या सनईसारख्या फुंकवाद्याचा एक तुकडा, मग ढोल, मग बाईच्या आवाजात ‘नेयनिम आमान आमान’ हे एवढंच शेवटपर्यंत गरगर फिरतं. कडवी नाहीत. एकही नाही. आता मूळ गाण्यातलं पहिलं कडवं बघा. वेणीचं टोक गुंफत नाहीत, दवानं भिजलेलं फूल खुडत नाहीत, ही प्रीत तरी कसली, तुला ते माझ्या हाती देणार नाहीत. हे ‘देणार नाहीत’ म्हणून झाल्यावर गाणारा ‘काय करू, आमान’ म्हणतो. त्या हाकेला कारण आहे. कारण काढून टाकलं आणि नुसती हाक वाजवत ठेवली, तर त्यात जान कुठून येणार? माणूस कशासाठी ओरडतोय हेच ऐकणाऱ्याला कळत नाही.

बायाती या अझेरी लोककडव्याचं गणित इथल्या बहुतेकांना माहीत आहे. सात-सात अक्षरांच्या चार ओळी, पहिली-दुसरी-चौथी यमकात, तिसरी मोकळी. पहिल्या दोन ओळी आजूबाजूचं काहीतरी दाखवतात आणि घाव शेवटच्या दोन ओळींत बसतो. ‘आय लाचिन’मधलीच घ्या. अराझ नदीवर, बर्फावर. कबाब भाजतोय निखाऱ्यावर. मारून टाका खुशाल मला, एका घाऱ्या डोळ्यांच्या पोरीपायी. बर्फ आणि निखारा आधी समोर ठेवलाय, म्हणून तिसऱ्या ओळीतलं मरण अंगावर येतं. जात्यावरची ओवी ज्यानं ऐकली आहे त्याला हे समजावून सांगावं लागू नये.

दुसरं, चालीबद्दल. अझेरी संगीतकार उझेयिर हाजिबेयोव यांनी १९४५च्या पुस्तकात प्रत्येक मुगामाची (म्हणजे तिथल्या रागाची) भावना सांगून ठेवली आहे. सेगाह प्रेमाचा, शुश्तर खोल दुःखाचा, रास्त धैर्याचा, चहारगाह उत्कटतेचा. या लोकगीतांच्या चाली त्याच घरात वाढल्या. त्यांत स्वर लांबवायचा, थरथरवायचा आणि मग सोडायचा असतो. खाली एकसारखा ठोका चालू ठेवला की गाणाऱ्याला थांबायला जागाच उरत नाही. तुम्ही ज्याला लांबण म्हणता तेच गाणं आहे.

मी नव्याच्या विरोधात नाही, हे आत्ताच लिहून ठेवतो, नाहीतर पुढचे सगळे प्रतिसाद त्यावरच येतील. वागिफ मुस्तफाजादेनं पियानोवर मुगाम आणि जॅझ एकत्र आणलं ते मला अतिशय आवडतं. मुगाम गायक आलिम गासिमोव आणि त्यांची मुलगी फरगाना क्रोनोस क्वार्टेट या अमेरिकी तंतुवाद्य-चौकडीबरोबर गायले, २०१०मध्ये त्याचा अल्बम आला. पाश्चात्त्य वाद्यं सगळी, पण गाणारा श्वास घेतो तेव्हा व्हायोलिनवाले थांबतात. माझं भांडण बीटशी नाही, गाणं कापण्याशी आहे.

ठेकेदार :

इतकं लांब उत्तर दिलंत, बरं वाटलं. आता माझं ऐका.

‘मूळ’ म्हणजे कुठलं मूळ? तुम्ही ज्या रेकॉर्ड ऐकून मोठे झालात त्या रशीद बेहबुदोवच्या, बरोबर ना? मागे अख्खा ऑर्केस्ट्रा, सोव्हिएत रेडिओची सफाई, सिनेमातला नट. ‘आरशिन माल आलान’चा १९४५चा चित्रपट गाजला तो त्याच्यामुळे. तो त्या काळातला पॉप गायकच होता की! त्याच्या आधीचा ब्युलब्युल १९२७ ते १९३१ मिलानमध्ये इटालियन पद्धतीनं आवाज तयार करायला गेला आणि परत येऊन लोकगीतं गायला. तेव्हाही कोणीतरी म्हातारा म्हणाला असेलच की गाणं बाटलं. आज तेच तुमचं सोवळं.

आणि कडव्यांचं म्हणाल तर बायाती कुठल्याही गाण्यात घुसते. तीच चार ओळींची बायाती एक गायक या गाण्यात घालतो, दुसरा त्या गाण्यात. कोणी दोन घेतो, कोणी पाच. मग कोणी शून्य घेतली तर एवढं आभाळ कोसळल्यासारखं काय करता?

मी दुबईला कार्यक्रमांचा साउंड करतो. एका लग्नात अर्धे पाहुणे अझरबैजानच्या बाकूचे होते. मी आधी तुमच्यासारख्यांना आवडणारी संथ ‘सारी गेलिन’ लावली. लोक बसून राहिले, फोन बघत. मग ठेक्याची लावली तर नवऱ्या मुलाची आजी उठली. काठी खुर्चीला टेकवली, दोन्ही हात खांद्यांच्या वर नेले, मनगटं फिरवायला लागली आणि प्रत्येक ओळ तोंडपाठ म्हणत होती. जी कडवी स्पीकरमधून येत नव्हती तीसुद्धा! तिला कडवी माहीत होती, म्हणून तिला ती ऐकवायची गरजच नव्हती. त्या आजीपेक्षा तुम्हाला जास्त कळतं का?

अनवट :

आजीला पाठ होती, कारण तिच्या लहानपणी कोणीतरी ती पूर्ण गायलं होतं. तिच्या नातवाच्या नातवाला काय पाठ असेल? ‘आमान आमान’?

बायाती इकडून तिकडे फिरते हे मला मान्य आहे, मीही तेच म्हणतो. फिरते म्हणजे असते. एक काढून दुसरी घालणं वेगळं आणि सगळ्या काढून जागा ढोलानं भरणं वेगळं.

पेटीवाला :

दोघंही वरवरचं बोलताय. खरं नुकसान स्वरांचं झालंय आणि त्याला फार वर्षं झाली. अझेरी ‘तार’ या तंतुवाद्याच्या दांडीवर एका सप्तकात बारापेक्षा जास्त पडदे बांधलेले असतात. सेगाहचा तो जो मधलाच स्वर आहे तो पियानोवर नाही, सिंथवर नाही आणि तुमच्या लॅपटॉपवरही कोणी शोधायला जात नाही. पॉपवाले की-बोर्ड लावतात आणि गाणाऱ्या पोरीला त्या बारांत कोंबतात. मग गाणं ओळखीचं वाटतं, पण बोथट.

आपल्याकडे हाच वाद पेटीवरून झाला. आकाशवाणीनं १९४० साली पेटी बंद केली ती १९७१ पर्यंत. मी पेटी वाजवतो, तरी सांगतो, श्रुतीचा आक्षेप चुकीचा नव्हता. चुकीचा होता तो बंदीचा उपाय. अझरबैजानात तर उलटं झालं. १९२०च्या दशकाच्या शेवटी तिथल्या नव्या विचाराच्या मंडळींना तारच नको झाली होती. मागासलेलं वाद्य, काढून टाका म्हणाले. सुलेमान रुस्तमनं तारेला ‘गाऊ नकोस’ म्हणणारी कविता केली, तर मिकायिल मुश्फिगनं ‘गा, तारे’ म्हणून उत्तर दिलं. त्या मुश्फिगला १९३८च्या जानेवारीत गोळी घातली, तेव्हा तो तिशीचाही नव्हता. तार राहिली आणि २०१२मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. ज्या वाद्यासाठी लोक असे उभे राहिले त्याचा आवाज तुम्ही सॅम्पलच्या पॅकमधून दोन सेकंद उचलता आणि त्याला ‘जान आणली’ म्हणता, याचा मला राग येतो.

ठेकेदार :

मुश्फिगला गोळी घातली त्याचा आणि माझ्या ढोलाचा काय संबंध? प्रत्येक धाग्यावर तुमची पेटी आणि बावीस श्रुती येणारच का? आणि तारेला वाचवलं कोणी? हाजिबेयोवनंच ना? १९३१ साली नोटेशन वाचून वाजवणारा लोकवाद्यांचा ऑर्केस्ट्रा त्यानंच बांधला. नवीन केलं म्हणून ती टिकली.

पेटीवाला :

त्यानं तार माणसाच्या हातात ठेवली. तुम्ही ती फाइलमध्ये ठेवता.

ओसरी :

मी या विषयातली जाणकार नाही, पण एक अनुभव सांगते. आमच्याकडे कोथरूडला तब्रीझची एक मुलगी पेइंग गेस्ट होती. पुण्यात तेव्हा इराणी विद्यार्थी पुष्कळ होते, त्यातले कितीतरी घरी अझेरी बोलणारे, हे पुणेकरांना माहीतच असेल. सकाळी सासूबाई दारात सडा घालायच्या. ही दाराच्या चौकटीला टेकून उभी राहायची आणि बोटांनी चौकटीवर ताल धरून ‘क्युचेलेरे सू सेपमिशेम’ म्हणायची. रस्त्यावर पाणी शिंपडलंय, साजण येईल तेव्हा धूळ उडू नये. असा यावा, असा जावा, कोणाच्या तोंडी आमचं नाव लागू नये. पुढचं कडवं तर अगदी स्वयंपाकघरातलं आहे. समोवारात निखारे घातलेत, पेल्यात साखर घातली आहे, साजण गेला आणि मी एकटी राहिले. मग फळीवरच्या वाट्या, एक इकडे एक तिकडे, आणि आठवडा झाला त्याला बघितलं नाही. सासूबाईंना भाषा कळत नव्हती, तरी त्या झारी हातात धरून ऐकत राहायच्या.

अनवट, तुम्हाला आवडणार नाही, पण याच मुलीला त्या गाण्याची चकचकीत पॉप आवृत्ती अतिशय प्रिय होती. आमच्या स्वयंपाकघरात ती लावून नाचायची. त्यात सगळी कडवी होती, बीटही होता. ती म्हणायची, आजीचं गाणं आजीसारखं म्हणायचं आणि माझं माझ्यासारखं.

आणखी एक, या जुन्या-नव्याच्या वादात कोणी बोलत नाही म्हणून बोलते. हे गाणं उघड उघड मुलीच्या तोंडचं आहे. समोवार पेटवणारी ती, वाट बघणारी ती. पण वर्षानुवर्षं त्याची गाजलेली रेकॉर्ड पुरुषाच्या आवाजातली. १९०८ साली बाकूला हाजिबेयोवचा ‘लेयली आणि मेजनून’ ऑपेरा झाला तेव्हा लेयलीचं कामसुद्धा पुरुषानं केलं. आपल्याकडे बालगंधर्व होतेच, त्यामुळे नवल वाटायला नको. पण १९१२ साली शौकत मम्मदोवा बाकूच्या रंगमंचावर गायला उभी राहिली तर सभागृहात दंगा झाला आणि तिला जीव घेऊन निघून जावं लागलं. ज्या परंपरेचं तुम्ही सोवळं जपताय त्यात बाईला आपलंच गाणं चारचौघांत म्हणायची सोय नव्हती. पॉपनं ती केली. शौकत अलेकबेरोवा, जेयनब खानलारोवा यांच्यापासून आजच्या मुलींपर्यंत. हे जमेच्या बाजूला लिहाल की नाही?

अनवट :

लिहितो. पूर्ण लिहितो. तुमच्या त्या मुलीच्या आवृत्तीशी माझं काहीच भांडण नाही, कारण वाट्या फळीवर आहेत. मी पहिल्यापासून तेवढंच मागतोय.

सीमापार :

सगळे ‘सारी गेलिन’ला डोळे मिटून अझेरी म्हणताय ते आधी थांबवा. हे गाणं आर्मेनियन लोक ‘सारी आग्जिक’ म्हणून गातात. तुर्कीत ते एर्झुरुमच्या बाजारापासून सुरू होतं. फारसीत वेगळे बोल आहेत. अझरबैजानच्या कॉपीराइट संस्थेनं शेजाऱ्यांनी आमची गाणी चोरली म्हणून वर्षानुवर्षं पुस्तकं आणि पत्रकं काढली आणि आपण इथे बसून त्यांचा शिक्का मारतोय.

माझ्या शेजारी ग्लेंडेलला एक आर्मेनियन कुटुंब आहे. आजीचं घराणं एर्झुरुमचं, १९१५च्या आर्मेनियन हत्याकांडातून जे वाचले त्यातलं. ती आजी हे गाणं गुणगुणायची तेव्हा घरातले टीव्हीचा आवाज बंद करायचे. तिला जाऊन सांगा की हे बाकूचं आहे.

तेलविहीर :

आणि तुम्ही माझ्या सहकाऱ्याला जाऊन सांगा की ते त्याचं नाही. मी बाकूला तेलक्षेत्रात काम केलंय, त्यामुळे ऐकीव बोलत नाही. आमच्याबरोबर लाचिनचा एक फोरमन होता. मे १९९२मध्ये आर्मेनियाबरोबरच्या कारबाख युद्धात शुशा पडलं, पाठोपाठ लाचिन, आणि त्याचं कुटुंब अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडलं. पुढची कितीतरी वर्षं तो बाकूच्या एका वसतिगृहाच्या खोलीत बायको-मुलांसह राहिला. कंपनीच्या जेवणात कोणी ‘आय लाचिन’ सुरू केलं की तो उठून बाहेर जायचा. गाणं आहे पोरीवर मरणाऱ्याचं, पण त्याला त्यात गाव ऐकू यायचं. लाचिन शहर परत मिळालं ते २०२२मध्ये. ज्यांचं सगळं गेलं त्यांच्याकडे गाणी उरतात, आणि तुम्ही कॅलिफोर्नियात बसून तीही वाटून टाकताय.

सीमापार :

लाचिनचं दुःख मी नाकारलेलं नाही. मी ‘सारी गेलिन’बद्दल बोलतोय, तुम्ही दुसरंच गाणं काढता. आणि कारबाखमधून आर्मेनियन लोक गेले नाहीत का? २०२३च्या सप्टेंबरमध्ये लाखभर माणसं त्याच लाचिनच्या रस्त्यानं बाहेर पडली. त्यांच्याकडे काय उरलं, तेही सांगा की.

तेलविहीर :

तुम्ही इथे राजकारण आणलंत, मी नाही. उझेयिर हाजिबेयोव आणि मुस्लिम मागोमायेव यांनी १९२७मध्ये अझेरी लोकगीतांचा नोटेशनसकट संग्रह छापला. दस्तऐवज असा असतो. शेजारच्या आजीचं गुणगुणणं हा पुरावा नाही.

सीमापार :

मग तुमच्या फोरमनचं उठून बाहेर जाणं पुरावा कसा? पहिलं छापलं त्याचं गाणं, असा नियम असेल तर जगातली निम्मी लोकगीतं छापखानेवाल्यांची होतील. हाजिबेयोव मला तुमच्याइतकाच थोर वाटतो, पण कुठलीही वही एर्झुरुमच्या गल्लीपर्यंत पोचत नाही.

आणि या मालकीच्या भांडणाचं काय होतं ते तुर्कस्तानात बघा. ‘सारी गेलिन’ हेच नाव देऊन १९१५बद्दल सरकारी बाजू मांडणारा माहितीपट काढला आणि तो शाळांत पाठवला. त्याच देशात जानेवारी २००७मध्ये इस्तंबूलला आर्मेनियन वंशाच्या हरांत दिंक या पत्रकाराचा खून झाला आणि त्याच्या अंत्ययात्रेत हेच गाणं लावलं गेलं. एकच गाणं, एकीकडे असं आणि एकीकडे तसं. तुम्ही ‘आमचं’ म्हणून जो खुंटा ठोकता, त्याला पुढे कोण काय बांधेल याचा विचार करत नाही.

तेलविहीर :

मला शिकवू नका. तुमच्यासारख्या लोकांना दुसऱ्याचं घर जळताना तत्त्वज्ञान सुचतं.

संपादक :

तेलविहीर, शेवटचं वाक्य वैयक्तिक आहे. सीमापार, तुम्हीही ‘कारबाख’ इथे उकरू नका. गाण्यावर बोला, नाहीतर हे प्रतिसाद वेगळ्या धाग्यात हलवावे लागतील.

रोखठोक_नगर :

अहो, मे २०२५मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी हा देश कोणाच्या बाजूनं उभा राहिला ते विसरलात का? लोकांनी बाकूची तिकिटं रद्द केली आणि इथे त्यांच्या प्रेमगीतांचं कौतुक चाललंय. लाज वाटायला हवी.

ओसरी :

तिकीट रद्द करायचं ते जरूर करा. पण हे गाणं सरकारनं रचलेलं नाही, आणि आमच्याकडे राहिलेली मुलगी तर त्या देशाची नागरिकही नव्हती. ती इराणची. अझेरी बोलणारे अझरबैजानात आहेत त्यापेक्षा जास्त इराणात आहेत. तुम्ही कोणावर बहिष्कार घालताय ते तरी आधी ठरवा.

पेटीवाला :

बाकूजवळच्या सुराखानीच्या आतेशगाहात, म्हणजे अग्निमंदिरात, दगडावर देवनागरीत गणेशाला वंदन कोरलेलं आहे, आपल्याच व्यापाऱ्यांनी. शतकानुशतकं जाणं-येणं होतं. एका सरकारच्या एका निवेदनानं तो शिलालेख पुसायचा का?

श्रेयनामा :

सगळे ‘लोकगीत लोकगीत’ करताय, म्हणून माझं दुखणं मांडतो. या पॉप आवृत्त्यांच्या खाली सर्रास ‘पारंपरिक’ लिहिलेलं असतं आणि त्यातली निम्मी गाणी कोणीतरी बसून रचलेली आहेत. ‘आयरीलिक’ घ्या. विरहाचं गाणं म्हटलं की पहिलं हेच आठवतं. ते लोकगीत नाही. चाल अली सलीमी यांची, बोल फरहाद इब्राहिमी यांचे, जन्म इराणात. सलीमी बाकूला जन्मले आणि कुटुंबाबरोबर इराणला आले. १८२८च्या तुर्कमेनचाय तहानं अराझ नदीवर सरहद्द पक्की झाली, तिच्या दोन बाजूंना घरं वाटली गेलेला हा माणूस विरहाची चाल बांधतो. बेहबुदोवनं ते गायलं, गुगुशनं गायलं, मग शेकडोंनी. आता इंटरनेटवर शोधा, दहातल्या आठ ठिकाणी सलीमींचं नावच नाही.

‘सेन गेल्मेझ ओल्दून’? अलेकबेर तागियेव यांची चाल. ‘रेयहान’? फिक्रेत अमिरोव. तीही लोक ‘पारंपरिक’ म्हणून खपवतात. आपल्याकडे शांता शेळके आणि हृदयनाथ मंगेशकरांची कोळीगीतं लोक बिनधास्त ‘पारंपरिक कोळीगीत’ म्हणून लावतात, तोच प्रकार.

याची हद्द म्हणजे १९७७चं व्हॉयेजर अवकाशयान. त्यावरच्या सोनेरी तबकडीवर अझेरी बालाबान आहे, कामिल जलीलोव वाजवतायत. यादीत लिहिलं, ‘अझरबैजान, बॅगपाइप्स’. वाजवणाऱ्याचं नाव नाही आणि वाद्यही चुकीचं. तिथून पुढे अवकाशात गेलं, दुरुस्त कोण करणार!

ठेकेदार, तुम्ही परवा डकवलेल्या आवृत्तीत बालाबान कोणी वाजवलाय? सांगा.

ठेकेदार :

माहीत नाही. वर्णनात नाव नाही.

श्रेयनामा :

तेच म्हणतोय. माझा आक्षेप ठेक्याला नाही, या निनावीपणाला आहे. आणि सीमापार-तेलविहीर यांच्या भांडणाचं मूळही तिथेच आहे. ज्या गाण्याचा कर्ता माहीत आहे त्याचं नाव कोणी घेत नाही, आणि ज्याचा कर्ता कधीच कळणार नाही त्यासाठी देश भांडतात.

तेलविहीर :

‘आयरीलिक’बद्दल बरोबर आहे. बाकूत जुने लोक सलीमींचं नाव घेतात, नवे घेत नाहीत. बाकी माझं मत बदललेलं नाही. ‘सारी गेलिन’ मी अझेरीच म्हणणार. आर्मेनियन आणि तुर्क तेही गातात, गावं, माझी ना नाही. एवढं पुरे.

सीमापार :

‘तेही गातात’ हे तुमच्याकडून आलं, तेवढं मी घेतो. हुसेन अलीझादे आणि जीवान गास्पर्यान यांनी तेहरानला एकत्र केलेली ‘सारी गेलिन’ ऐका. एक इराणी, एक आर्मेनियन. त्या अल्बमला ग्रॅमीचं नामांकन मिळालं होतं, पण ते बाजूला ठेवा. दुदुक (बालाबानचं आर्मेनियन भावंड) सुरू झाल्यावर गाणाऱ्यांच्या आधी जे दोन-तीन लांब स्वर येतात, तिथे मालकीचा वाद मला तरी ऐकू येत नाही.

ठेकेदार :

इतके प्रतिसाद झाले आणि माझ्या मुद्द्याला कोणी हात लावला नाही. तरुण मुलं ही गाणी ऐकणार कशी? युरोव्हिजन या गाण्याच्या स्पर्धेमुळे निम्म्या जगाला अझरबैजान कळलं. २०११ साली ते जिंकले ते पूर्ण इंग्लिश पॉप गाण्यावर, त्यात अझेरी असं काहीच नव्हतं. दुसऱ्या वर्षी बाकूलाच स्पर्धा झाली तेव्हा सबीना बाबायेवाच्या गाण्यात आलिम गासिमोव रंगमंचावर बसून मुगामाची तान घेत होते. चौथा नंबर आला. तेव्हा ज्यांनी ती तान पहिल्यांदा ऐकली त्यातले काही जण शोधत शोधत मागे गेले असतील की नाही? मीही तसाच गेलोय. अनवट, तुम्ही क्रोनोसवाल्यांना चालवून घेता कारण ते सुटाबुटातले. क्लबमध्ये वाजलं की बाटलं. हा वर्गाचा वास आहे, गाण्याचा नाही.

अनवट :

वर्गाचा आरोप मी घेणार नाही. बाकूच्या लग्नात तारेनंतर गरमोन (अकॉर्डियनसारखं वाद्य) आणि नागारा (ढोल) येतो आणि लोक पहाटेपर्यंत नाचतात, ते क्लबपेक्षा कमी दणदणीत नसतं. तेलविहीर यांनी बघितलं असेल. ते मला प्रिय आहे. तिथला गायक पाच कडवी म्हणतो आणि बायका प्रत्येक कडव्याला ओरडून दाद देतात.

२०१२चा दाखला मात्र माझ्या बाजूचा आहे. आलिम गासिमोवना तिथे जिवंत बसवलं, नाव दिलं, तान पूर्ण घेऊ दिली. त्यांचा आवाज कापून ‘आमान’ला चिकटवला नाही. पॉपनं असं केलं तर मी टाळ्या वाजवायला पहिला.

तेलविहीर :

लग्नाचं बरोबर. आधी मुगामवाले तिघं बसतात, तारवाला, कमांचा (गजानं वाजवायचं वाद्य) वाजवणारा आणि गवाल (डफ) घेऊन गाणारा. तेव्हा म्हातारे पुढच्या टेबलांवर येतात. मग गरमोनवाला आला की पोरं पुढे येतात आणि म्हातारे उठतही नाहीत. सिंथेसायझरही असतो, पेटीवाल्यांना वाईट वाटेल. पण लोकगीताचं कडवं गाळलेलं मी तिथे ऐकलं नाही. गाळलं तर पुढच्या टेबलावरून कोणीतरी ते स्वतःच सुरू करतं.

पेटीवाला :

वाईट वाटलंच. सेगाह सिंथवर वाजवायचा असेल तर तो मधला स्वर खाली ओढून बसवा, आता ती सोय प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये आहे. नसल्याचं कारण सांगू नका, आळस आहे.

ठेकेदार :

ती सोय आहे, मी वापरतो, अरबी गाण्यांसाठी लागतेच. अझेरीसाठी वापरली नव्हती.

ठीक आहे. पुढच्या महिन्यात शारजात पुन्हा बाकूच्या लोकांचा साखरपुडा आहे. ‘सारी गेलिन’ मी स्वतः बांधणार आहे. पहिलं कडवं ठेक्याशिवाय, दुसऱ्यापासून ढोल. ढोल काढणार नाही, ते मागू नका. ‘रडकं’ हा शब्द मागे घेतो, लांबण आहे हे अजूनही म्हणतो.

अनवट :

दुसरं कडवं दरीचं घ्या. ही दरी लांबच लांब, मेंढपाळा, कोकरू मागे वळव, एक दिवस तरी त्या लाडिक साजणीचं तोंड दिसू दे. ‘वळव’नंतर ढोल आणा, त्याच्या आधी नको.

श्रेयनामा :

आणि बालाबान वाजवणाऱ्याचं नाव पडद्यावर.